तांब्या, कांदा आणि तीन पेन्सिली : मुलांना वस्तुचित्र शिकवायला खर्च किती?

जून लागला की शिरूरच्या बाजारात आणि दौंडच्या स्टेशनरी दुकानांत रंगांचे मोठाले डबे पुढे येऊन बसतात. पन्नास छटा, शंभर छटा, स्केचपेन, खडू, रंगाच्या वड्या, सगळं एकाच पेटीत. पोराला किंवा पोरीला चित्रांची आवड आहे असं दिसलं की आईबाप हौसेने तोच डबा उचलतात. माझं सांगणं सरळ आहे, तो डबा घेऊ नका. घरातल्या रोजच्या वस्तू समोर ठेवून त्या बघून काढायला, म्हणजेच वस्तुचित्र, शिकवायचं असेल तर पहिल्या तीन महिन्यांचा खर्च दीडशे रुपयांच्या आत बसतो. त्यातला सर्वांत मोठा वाटा कागदाचा असला पाहिजे.

पुढे दिलेले भाव ढोबळ आहेत. दुकान, कंपनी आणि हंगाम बदलला की त्यात थोडा फरक पडेल. हिशोबाची रीत मात्र बदलत नाही.

सुरुवातीला तीन सुट्या पेन्सिली घ्या. एक एचबी, एक २बी, एक ४बी. प्रत्येकी दहा रुपयांच्या आसपास पडते. पाच-दहा रुपयांचं खोडरबर, पाच रुपयांचं शार्पनर. कागद लावायला परीक्षेचं क्लिपवालं पॅड बहुतेक घरी असतंच. झेरॉक्सच्या दुकानातून ए-फोर आकाराचे शंभर कोरे कागद घेतले तर ऐंशी ते शंभर रुपये होतात. पाचशे कागदांचं अख्खं बंडल साधारण तीनशेला येतं, म्हणजे कागद साठ पैशांना पडतो. वस्तीवरच्या तीन घरांनी मिळून एक बंडल आणलं तर दिवाळीपर्यंत कुणाला कागद मोजावा लागणार नाही. एका बाजूने छापलेले कागद आणि जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानंही चालतात. गुळगुळीत चकचकीत पान मात्र नको, त्यावर शिसं धरत नाही.

कागदावर इतका भर देण्याला कारण आहे. साठ रुपयांच्या जाड चित्रकला वहीत वीस-पंचवीस पानं असतात. मूल ती वही जपून वापरतं. चित्र बिघडेल या धास्तीने हात आखडतो, मग खोडणं सुरू होतं, पान फाटतं, रडारड होते. शंभर सुटे कागद हाताशी असले की तीच पोर एका बसण्यात पेला पाच वेळा काढते, आणि पाचवा पेला पहिल्यापेक्षा बरा निघालेला तिचा तिलाच दिसतो. चित्रकला वही घ्यायचीच असेल तर तीन महिन्यांनी घ्या.

सहा पेन्सिलींचा संच पन्नास-साठ रुपयांना मिळतो आणि स्वस्त वाटतो. पण त्यात बहुधा एक-दोन पेन्सिली ‘एच’ गटातल्या, कडक असतात, त्या नवशिक्याच्या हातात कागदाला चर पाडतात. पेन्सिलीच्या आत ग्रॅफाइट आणि चिकणमातीचं मिश्रण असतं. माती जास्त तर शिसं कडक आणि फिकट, माती कमी तर मऊ आणि काळं. फ्रान्समध्ये निकोला-जाक काँते याने १७९५ साली ही रीत शोधली, आणि आजही पेन्सिली अशाच बनतात. मुलाला हवी ती मऊ बाजू. सहा महिन्यांनी ६बी एकटी विकत घ्यावी.

कंपनीचं म्हणाल, तर आपल्याकडे वर्षानुवर्षं मिळणाऱ्या कॅमल, अप्सरा, नटराज यांपैकी कुठलीही पुरते. कॅमल बनवणारी कॅम्लिन ही तर दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत उभी केलेली कंपनी, पुढे २०११ मध्ये जपानच्या कोकुयोने तिच्यात मोठा हिस्सा घेतला. एका पेन्सिलीला साठ-सत्तर रुपये घेणाऱ्या परदेशी ब्रँडची गरज सातवी-आठवीपर्यंत कुणालाही पडत नाही.

एक गोष्ट बिलात पाहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेन्सिल, शार्पनर, खोडरबर, खडू आणि पेस्टल यांवरचा जीएसटी शून्य झाला आहे. कंपास पेटी आणि रंगपेटीवरचा १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. पाकिटावरच्या कमाल किमतीत सगळे कर धरलेले असतात. त्याच्या वर एक रुपयाही मागण्याचा दुकानदाराला अधिकार नाही.

आता वस्तूंकडे वळू, कारण शिकवणं सगळं तिथेच आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

पहिल्यांदा समोर काय ठेवायचं? बहुतेक जण स्टीलचा पेला ठेवतात. तो ठेवू नका. स्टीलमध्ये खिडकी दिसते, दिवा दिसतो, मुलाचं स्वतःचं तोंडही दिसतं, आणि उजेड कुठला, सावली कुठली हेच त्याला उमगत नाही. सुरुवातीला चकाकी नसलेली वस्तू हवी. मातीचं गाडगं, प्लास्टिकचा मग, न घासलेला तांब्या, पुठ्ठ्याचा डबा, कुलूप, विटेचा तुकडा. शिरूर आणि दौंड हे दोन्ही उसाचे तालुके आहेत, तेव्हा माझी पहिली पसंती उसाच्या कांड्याला. हातभर लांबीचं कांडं घ्या, आडवं ठेवून काढा, मग उभं, मग तिरकं. उसाच्या पेरांवरची वलयं पाहता पाहता, गोल वस्तू कडेने कशी वळते हे मुलाला कुणी सांगितल्यावाचून कळतं. चित्रकलेच्या पुस्तकात यालाच दंडगोल म्हणून चार पानं दिलेली असतात.

मग पेला. तो मुलाच्या डोळ्यांच्या बरोबर पातळीला धरा आणि विचारा, तोंड कसं दिसतं? सरळ रेघेसारखं. आता पेला हळूहळू खाली न्या. तोंड उघडत जातं, लंबगोल होतं. पेला जमिनीवर ठेवून मूल उभं राहिलं की तोंड जवळजवळ पुरतं गोल. काचेचा पेला असेल तर बूडही दिसतं, आणि ते तोंडापेक्षा थोडं जास्त उघडं दिसतं, कारण ते डोळ्यांपासून आणखी खाली असतं. बहुतेक मुलं तोंड लंबगोल काढतात आणि बूड सपाट रेघेने, कारण पेला ओट्यावर सपाट बसतो हे त्यांना ठाऊक असतं. ही एक चूक सुटली की तांब्या, किटली, माठ, बादली, डबा, सगळ्यांची निम्मी अडचण सुटते. दहा मिनिटांचा हा धडा घरी आईने किंवा आजोबांनी द्यावा, त्यासाठी चित्रकार असावं लागत नाही.

बसवायचं कसं, तेही सांगतो. वस्तू मुलापासून चार-पाच फुटांवर आणि डोळ्यांच्या पातळीच्या खाली ठेवा, पाटावर किंवा उलट्या घमेल्यावर. उजेड एकाच बाजूने यावा. सकाळी दारातून येणारा उजेड उत्तम, डोक्यावरची ट्यूबलाइट बंद करा. मुलाने पॅड मांडीवर तिरकं धरावं. सपाट फरशीवर कागद ठेवून ओणवं बसलं की चित्र वरच्या बाजूला लांबतं, पुष्कळ घरी हे होतं आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. मग हात पूर्ण लांबवून, एक डोळा मिटून, उभ्या पेन्सिलीवर अंगठ्याने वस्तूची उंची मापायची. त्याच मापात रुंदी किती वेळा बसते ते पाहायचं. तांब्या रुंदीच्या सव्वापट उंच आहे की दीडपट, हे ठरलं की कागदावर आधी हलक्या हाताने मध्यरेषा, मग उंची-रुंदीच्या चार खुणा, आणि त्यानंतर आकार. छाया सर्वांत शेवटी.

गोल भांड्यांनंतर भाजीपाला घ्या. कांदा सोपा वाटतो, पण त्याच्या उभ्या शिरा बुडापासून शेंड्यापर्यंत वळत जातात, त्या नीट पाहायला लावा. वांगं, डाळिंब, भोपळी मिरची, मक्याचं कणीस. रांजणगाव, न्हावरे, मांडवगण फराटा, राहू, पारगाव, पाटस, कुठल्याही गावच्या घरात यांतलं काहीतरी असतंच. केडगाव-दौंड पट्ट्यात गुऱ्हाळं आहेत. गुळाची ढेप फार देखणी वस्तू आहे, खाली रुंद, वर अरुंद, अंगावर खरबरीतपणा आणि फडक्याच्या चुण्या. त्यानंतर अवजारं : खुरपं, विळा, पाना, हातोडी. शेवटी दोन-तीन वस्तू एकत्र, एक पुढे एक मागे.

अवजारांवर थोडं थांबतो. रांजणगाव आणि कुरकुंभ या दोन औद्योगिक वसाहती या दोन तालुक्यांत आहेत, आणि इथली पुष्कळ मुलं दहावीनंतर आयटीआयला जातात. तिथे फिटर, टर्नर अशा ट्रेडना अभियांत्रिकी रेखाटन हा विषय असतो, आणि त्यात हातोडी, पाना यांसारखी हत्यारं मोकळ्या हाताने काढावी लागतात. वस्तू बघून कागदावर उतरवण्याची सवय आठव्या-दहाव्या वर्षी लागलेल्या मुलाला तिथे उपयोगी पडते. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो हाताने काम करत शिकण्याच्या विचारावर. स्टूल बनवण्याआधी स्टुलाचं चित्र काढता येणं हा त्याच शिक्षणाचा भाग म्हणायला हवा. म्हणून चित्रकला म्हणजे हुशार मुलांचा फावल्या वेळचा छंद, असं समजून दीडशे रुपयेही टाळू नका.

वयाचा मुद्दा खर्चाशी थेट जोडलेला आहे. सहा-सात वर्षांचं मूल टेबलाचे चारही पाय बाहेर पसरून काढतं, कपाचा कान दिसत नसला तरी काढतं. जॉर्ज-आंरी ल्यूके या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ च्या आपल्या पुस्तकात याची उकल केली आहे. लहान मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला त्या वस्तूबद्दल जे माहीत असतं ते काढतं. साधारण आठ-नऊ वर्षांनंतर दिसणं आणि माहीत असणं यांतला फरक मुलाला स्वतःला खटकू लागतो. ‘हे तसं दिसत नाही’ असं मूल आपणहून म्हणालं की वस्तुचित्र शिकवायची वेळ झाली. त्याआधी बिनचूक वस्तुचित्राच्या नावाखाली पहिली-दुसरीतल्या मुलासाठी क्लासची फी भरू नका. त्या वयात कागद, खडू आणि मोकळीक पुरे. दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसवूही नका. दहा वर्षांच्या मुलाला अर्धा तास ठीक.

आणि मुलाच्या कागदावर आपला हात चालवू नका. दाखवायचं असेल तर शेजारी बसून स्वतःच्या कागदावर काढा.

आता शाळा. जे शाळेतून मिळायला हवं त्यासाठी बाहेर पैसे मोजण्याआधी विचारपूस करा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत, सहावी ते आठवीच्या वर्गांत मिळून शंभराहून जास्त मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, अशी तरतूद आहे. वाड्यावस्त्यांवरच्या छोट्या शाळा या आकड्यात बसत नाहीत, तिथे वर्गशिक्षकच चित्रकलेचा तास घेतात. मोठ्या माध्यमिक विद्यालयात मात्र चित्रकलेचे सर किंवा बाई असतील तर आधी त्यांना भेटा. मुलाने घरी काढलेले पंचवीस-तीस कागद सोबत न्या. जे शिक्षक ते कागद पाहून ‘याला बुडाचा लंबगोल दाखवा’ असं नेमकं सांगतात, त्यांच्या पाच मिनिटांनी महिन्याभराच्या क्लासचे पैसे वाचतात.

शाळेतूनच शासकीय रेखाकला परीक्षेचा अर्ज भरला जातो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ही नावं ज्याने ऐकली नाहीत असं मराठी घर विरळा. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचं काम १८५७ मध्ये सुरू झालं, पुढे १९६५ मध्ये राज्याचं कला संचालनालय वेगळं झालं, आणि आज या परीक्षा तेच घेतं. दोन दिवस, चार पेपर. एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमिती व अक्षरलेखन. इंटरमिजिएटमध्ये वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र येतं, आणि त्यात वस्तूंच्या जोडीला कापड, रंग, पार्श्वभूमी सांभाळावी लागते. परीक्षा साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात होते. सध्याच्या नियमाप्रमाणे इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, ‘अ’ श्रेणीला ७, ‘ब’ला ५, ‘क’ला ३. हे गुण आपोआप पडत नाहीत. शाळेमार्फत मंडळाकडे प्रस्ताव जावा लागतो, म्हणून प्रमाणपत्राची प्रत दहावीच्या वर्षी शाळेला मुदतीत द्या आणि दिल्याची नोंद करून घ्या.

परीक्षेची फी संचालनालय ठरवतं आणि ती परिपत्रकात छापलेली असते. शाळेत ते परिपत्रक मागून पाहा, तितकीच रक्कम भरा, पावती घ्या. ‘फॉर्म, साहित्य आणि मार्गदर्शन मिळून इतके’ असं एकत्र सांगितलं तर प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहून मागा.

क्लास लावायचा का? माझ्या मते एलिमेंटरीच्या वर्षी, तीन-चार महिन्यांसाठी, आणि घरी वस्तू काढायची सवय लागलेली असेल तरच. तालुक्याच्या गावी महिन्याला तीनशे ते आठशे आणि पुण्यात हजाराच्या पुढे, असा अंदाज धरून चौकशीला निघा. फीचा आकडा ऐकून निर्णय घेऊ नका, तासाचा दर काढा. महिना पाचशे, आठवड्यातून दोन दिवस, एकेक तास : महिन्याचे आठ तास, म्हणजे तासाला साडेबासष्ट रुपये. दुसरीकडे महिना चारशे, पण रविवारी एकच तास : तासाला शंभर. स्वस्त कोणता ते दिसलंच. आता यात मुलांची संख्या घाला. तासभरात तीस मुलं असतील तर आपल्या मुलाच्या वाट्याला शिक्षकाची दोन मिनिटं येतात, बारा असतील तर पाच.

पैसे भरण्याआधी एक तास मागे बसून पाहू द्या म्हणून विनंती करा. पाहायचं एवढंच की मुलांच्या समोर काय आहे. मधोमध स्टुलावर तांब्या, वांगं, पुस्तक ठेवलेलं असेल आणि मुलं चहूबाजूंनी बसून काढत असतील, तर प्रत्येक कागदावर वेगळं चित्र दिसेल, कारण प्रत्येकाची जागा वेगळी. असा क्लास घ्यावा. फळ्यावर सरांनी काढलेलं किंवा छापील कार्डावरचं चित्र सगळे उतरवत असतील आणि वीस कागदांवर तोच तांब्या त्याच कोनातून असेल, तर तिथे मूल नक्कल शिकतं, पाहायला शिकत नाही. भिंतीवर लावलेली सुबक चित्रं पाहून भुलू नका. त्यांतली बरीचशी शिक्षकाच्या हाताने सावरलेली असतात. शिक्षकाने कला संचालनालयाची एटीडी पदविका किंवा चित्रकलेचं दुसरं रीतसर शिक्षण घेतलेलं असेल तर चांगलंच, पण स्टुलावरची वस्तू मी पदविकेच्याही आधी पाहीन.

फी महिन्याच्या महिन्याला भरा, वर्षाची एकदम नको. गणपती, दिवाळी, गावची यात्रा, सहामाही परीक्षा, मे महिना असे जाता वर्षाचे तास निम्म्यावर येतात आणि भरलेली रक्कम परत मिळत नाही. प्रवेश फी घेतात का, क्लास सोडला तर काय परत देतात, बुडालेला तास भरून काढतात का, हे पावतीवरच लिहून घ्या. ‘अ श्रेणीची हमी’ अशी पाटी दिसली तर उलट पावली परता. श्रेणी परीक्षक देतो, क्लास नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्लासच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, पण खेळ, नृत्य, नाट्य आणि इतर सर्जनशील उपक्रम त्यांतून वगळले आहेत. म्हणून चित्रकलेच्या क्लासबाबत तुमच्या हातातला कागद जास्त महत्त्वाचा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तर आहेच. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही.

फीवर ‘जीएसटी वेगळा’ सांगितला तर पावतीवर नोंदणी क्रमांक मागा. वर्षाला वीस लाखांपर्यंतची उलाढाल असलेल्या सेवेला नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसलेल्याला हा कर गोळा करता येत नाही. शिवाय एकट्या व्यक्तीने कलेचं छंद म्हणून दिलेलं शिक्षण या करातून मुक्त आहे.

येण्या-जाण्याचा खर्च फीइतकाच होऊ शकतो, तो हिशोबात धरा. क्लास शाळेच्याच गावात, शाळा सुटल्यावर असेल तर जादा तिकीट पडत नाही. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे. पण शेवटच्या गाडीची वेळ आधी पाहा, पाच ते सहा क्लास आणि साडेपाचला मुक्कामाची गाडी, असं व्हायला नको. रविवारी वेगळं यावं लागत असेल तर पाच ते बारा वर्षांच्या मुलांना एसटीत अर्धं तिकीट, आणि आई सोबत असेल तर तिलाही अर्धं.

साहित्यासाठी पुण्याला, अप्पा बळवंत चौकात जाण्याची अनेकांना हौस असते. निवड तिथे भरपूर, काही दुकानांत छापील किमतीवर सूटही मिळते. पण सहाशेच्या खरेदीवर दहा-पंधरा टक्के सूट म्हणजे साठ ते नव्वद रुपये, आणि शिरूरहून एका मोठ्या माणसाचं एसटीचं जाऊन-येऊन पूर्ण तिकीट दोनशेच्या वर जातं. दौंडकरांना रेल्वे आहे, पॅसेंजरचं साधं तिकीट एसटीच्या मानाने फारच कमी, त्यांचा हिशोब थोडा बरा. तरीही एका मुलासाठी हा फेरा करू नका. पाच-सहा घरांची यादी एकत्र करा आणि कुणीतरी कामासाठी पुण्याला जाणारच असेल त्याच्या हाती द्या.

एलिमेंटरीच्या वर्षाची यादी अशी. बारा पोस्टर रंगांचा संच दीडशे ते दोनशे. २, ४, ६ आणि ८ क्रमांकाचे चार गोल ब्रश मिळून शंभरच्या आसपास, त्यांत ६ क्रमांकाचा ब्रश चांगल्यातला घ्या, कारण काम त्याच्यावरच पडतं. कंपास पेटी शंभर ते दीडशे, पण घरातली जुनी असेल तर तिच्यातल्या परकाराची टोकं सारखी येतात का तेवढं तपासा. भूमितीच्या पेपरात ढिला परकार गुण घालवतो. कार्ट्रिज कागद बावीस बाय तीस इंचांचा, म्हणजे इम्पिरियल आकाराचा, पूर्ण ताव घ्या आणि त्याचे चार तुकडे करा, अकरा बाय पंधरा इंचांचे पाव इम्पिरियल तयार होतात. कापलेले कागद पाकिटात घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. पंचवीस पाव कागद सव्वाशेच्या आसपास. ड्रॉइंग बोर्ड दुकानातून तीन-चारशेला घेण्यापेक्षा सुताराकडे जा, बारा बाय सोळा इंचांचा प्लायचा तुकडा कडा घासून शंभर-सव्वाशेत देईल, वर दोन क्लिपा लावा. क्लिपा सोडून सगळं मिळून पावणेसहाशे ते सातशे. वॉटरकलरचा जाड कागद, पेस्टलचे पन्नास रंग, इझल, यांतलं काहीही या वर्षी लागत नाही.

रंग विकत घेण्याआधी वस्तुचित्राचे कागद पेन्सिलीनेच पन्नासेक झालेले असावेत. आकार चुकलेला तांब्या रंगाने सुधारत नाही, आणि परीक्षकाची नजर आधी मापाकडे जाते.

मोबाइलवरचे फुकट धडे उपयोगी आहेत, पण एका अटीवर. धडा पाहून झाला की मोबाइल बंद, आणि समोर खरी वस्तू. फोटोवरून काढायला लावू नका. कॅमेऱ्याने वस्तू आधीच सपाट केलेली असते, त्यामुळे एक डोळा मिटून मापायचं कामच उरत नाही, आणि नेमकं तेच शिकायचं आहे.

स्पर्धांचंही सांगितलं पाहिजे. शाळा, ग्रामपंचायत, गणेश मंडळं, वाचनालयं यांच्या बिनखर्ची स्पर्धांत मुलांना जरूर बसवा. पण दीडशे-दोनशे रुपये प्रवेश फी, प्रत्येकाला पदक, आणि ‘राष्ट्रीय पातळीवर’ निवड झाली म्हणून प्रमाणपत्राच्या चौकटीचे पुन्हा तीनशे, असं पत्रक हाती आलं तर ते परत करा. त्या साडेचारशे-पाचशे रुपयांत कागदांचं दीड बंडल येतं.

खरेदीची वेळही पाहा. जूनमध्ये शाळेच्या गर्दीत आणि सप्टेंबरात परीक्षेच्या तोंडावर दुकानात निवड कमी आणि घाई जास्त असते. रेखाकला परीक्षा संपल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, दहावीकडे निघालेल्या मुलांचे बोर्ड, कंपास पेट्या, अर्धे उरलेले रंग घरात पडून असतात. चित्रकलेच्या सरांना किंवा बाईंना सांगून ठेवा, ते घर दाखवतील. बोर्ड आणि कंपास निम्म्या किमतीत घ्यायला हरकत नाही. उघडलेले पोस्टर रंग मात्र बाटली हलवून पाहा, खडखडले तर घेऊ नका.